भोपळ्या जेवत नाही

घरातलं एखादं माणूस जेवत नसलं की बाईमाणसाचा जीव थाऱ्यावर राहत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं! मूल असो, सासरे असोत, नाहीतर परसदारी येणारं मांजर असो. ताट जसंच्या तसं उचलून ठेवावं लागलं की आपल्यालाही घास गोड लागत नाही. 'भूक लागली की खाईल' असं पुरुषमाणसं सहज म्हणतात आणि वर्तमानपत्र उघडतात. आपण मात्र रात्री दिवा मालवल्यावरही विचार करत असतो, उद्या काय करून पाहावं?

पण मैत्रिणींनो, मी आज ज्याच्याबद्दल लिहिणार आहे तो माणूसही नाही आणि मांजरही नाही. तो साप आहे. दचकू नका, आणि कृपा करून पान उलटू नका. मीही तुमच्यासारखीच, पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी बाई आहे. होते, म्हणायला हवं.

आम्ही अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबस शहराजवळ राहतो. आमच्या चिरंजीवांनी शाळेत असताना, २०१८ साली, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका प्रदर्शनातून सापाचं पिल्लू घरी आणलं. पेन्सिलीएवढं जाड. रंग केशरी, पाठीवर काळी कड असलेले लालसर ठिपके. इंग्रजीत त्याला कॉर्न स्नेक म्हणतात, म्हणजे मक्याचा साप. मुलानं त्याचं नाव पम्पकिन ठेवलं आणि मी त्याचा भोपळ्या केला. 'फार तर दोन महिने राहील हे खूळ,' असं आमचे हे म्हणाले होते. आता तो चार फुटांच्या वर आहे, आणि ही जात माणसाच्या घरात पंधरा-वीस वर्षं सहज जगते!

हा साप बिनविषारी. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. न्यू जर्सीपासून खाली फ्लोरिडापर्यंत रानात, शेतात, पडक्या गोठ्यात सापडतो. ओहायोत तो रानात नाही. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं त्याला १७६६ साली शास्त्रीय नाव दिलं. मक्याचं नाव कसं पडलं याच्या दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे शेतकऱ्यांच्या मक्याच्या कोठारात उंदीर, आणि उंदरांमागे हा. दुसरी म्हणजे त्याचं पोट. उलटा धरला तर पांढऱ्याकाळ्या चौकटी दिसतात, रंगीत मक्याच्या कणसासारख्या. मला दोन्ही पटतात. आपल्याकडचा तस्कर साप पूर्वी शास्त्रज्ञांनी याच्याच कुळनावाखाली घातला होता. पुढे दोघांचीही नावं बदलली, पण स्वभाव तोच. दाणा तिथे उंदीर, उंदीर तिथे हे.

आता तुम्ही विचाराल, शाकाहारी घरात याच्या जेवणाचं काय? प्रश्न रास्त आहे. मलाही तो चार वर्षं छळत होता. इथे गोठवलेले पांढरे उंदीर पाकिटात मिळतात, लहान-मोठ्या मापांचे. पहिल्यांदा ते पाकीट माझ्या नारळाच्या चवाशेजारी बर्फाच्या कप्प्यात दिसलं, त्या दिवशी मी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीजर घ्यायला लावला. तिथपर्यंत माझी तडजोड. गणपतीच्या वाहनाला असं सापाच्या तोंडी द्यायचं म्हणजे मनाला कसंसंच होई. मग एकदा देव्हाऱ्यासमोर बसले असताना लक्षात आलं, ज्याचं वाहन उंदीर, त्याच्याच पोटाला नाग बांधलेला आहे! त्याला दोघं चालतात, तर मी कोण आक्षेप घेणारी?

तरीही भोपळ्याचं सगळं मुलगाच बघायचा. मी फक्त पाण्याच्या भांड्याकडे नजर ठेवायची. पुढे ऑगस्ट २०२२मध्ये मुलगा कॉलेजला गेला, आमच्यापासून सहा तासांच्या मोटारीच्या वाटेवर. वसतिगृहात साप चालत नाही. जाताना त्यानं मला सगळं शिकवलं, एका वहीत लिहून दिलं, आणि काचेच्या पेटीपाशी उभं राहून मला चिमट्यानं उंदीर द्यायला लावला. माझा हात थरथरत होता. भोपळ्यानं झटकन घेतला, मी किंचाळले, मुलगा हसला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

ऑगस्ट, सप्टेंबर ठीक गेले. दर दहा दिवसांनी एक उंदीर. ९ ऑक्टोबरच्या रविवारी त्यानं शेवटचा खाल्ला. त्यानंतर अंगाचा रंग मंद झाला, डोळ्यांवर निळसर दुधी झाक आली. म्हणजे कात टाकायची वेळ. त्या दिवसांत साप खात नाहीत, त्यांना नीट दिसतही नाही, हे वहीत होतं. कात छान टाकली, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, मोजा काढल्यासारखी. आता भूक लागेल म्हणून मी उंदीर दिला. त्यानं जीभ लपलप केली, उंदराजवळ आला, आणि तोंड फिरवून निघून गेला.

बायांनो, ते तोंड फिरवणं माझ्या ओळखीचं होतं! मुलगा दीड वर्षाचा असताना मऊ भाताचा घास पुढे केला की अस्साच मान वळवायचा.

पुढल्या आठवड्यात परत तेच. त्यापुढे परत तेच. दिवाळी आली. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं, मी चकल्या केल्या, करंज्या केल्या, मुलाला फराळाचा डबा टपालानं पाठवला, आणि गॅरेजमध्ये न खाल्लेला उंदीर कागदात गुंडाळून फेकून दिला. एकदा बर्फ सुटलेला उंदीर परत गोठवायचा नाही, हाही नियम आहे.

मुलाचा दर रविवारी फोन. पहिला प्रश्न ठरलेला, "आई, भोपळ्या जेवला?" ह्यांचं म्हणणं, परीक्षा होईपर्यंत सांगू नकोस, उगाच पोराच्या डोक्याला ताप. पण ज्याचं जनावर त्याला खरं कळायला हवं, असं माझं मत. मी सांगून टाकलं. म्हटलं, "नाही रे. तीन आठवडे झाले, अन्नाला शिवला नाही."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "आई, मलापण इथे जेवावंसं वाटत नाही."

फराळाचा डबा पोचून पाच दिवस झाले होते. त्यानं तो उघडलासुद्धा नव्हता.

आता सांगा, अशा वेळी आई काय करते? माझी आजी असती तर ती पहिल्या बसनं निघाली असती. आमच्या लहानपणी न जेवणाऱ्या मुलाचं नाक दाबून घास कोंबत असत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. माझ्या ओठांवर चार वाक्यं आली होती. सगळी 'तुला किती वेळा सांगितलं' या जातीची. ती मी गिळली. म्हटलं, "बरं, भोपळ्याचं आधी बघू. तुझी वही समोर आहे. कुठून सुरुवात करू?"

पुढे तीन महिने आमचं बोलणं भोपळ्यावरच चाललं. तू जेवलास का, हे मी एकदाही विचारलं नाही. फार जड गेलं.

तर कुठून सुरुवात करायची ते सांगते, कारण तुमच्याही कुणाच्या मुलाच्या, भाच्याच्या घरी परदेशात हा पाहुणा असू शकतो, आणि मुलं सुटीवर गेली की तो कुणाच्या गळ्यात पडतो हे आपल्याला ठाऊक आहे.

साप जेवत नसला की आधी उंदराकडे नाही, उबेकडे बघायचं. सापाचं अंग स्वतःहून गरम राहत नाही. पोटातलं अन्न पचायला त्याला बाहेरची ऊब लागते, आणि ती नसली तर शहाणा साप खातच नाही. पेटीची एक बाजू गरम हवी, ८५ ते ८८ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले ३० अंश सेल्सिअस धरा. दुसरी बाजू गार, २४ अंशांच्या आसपास. म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. काचेवर चिकटवायची गोल थर्मामीटरं मिळतात, ती हवेचं काहीतरी सांगतात. खरं माप घ्यायचं ते साप जिथे पोट टेकतो तिथलं. मी तार असलेलं डिजिटल थर्मामीटर आणून दोन्ही टोकांना ठेवलं. सकाळी, दुपारी, रात्री आकडे लिहिले. सगळं बरोबर.

मग दमटपणा, लपायच्या जागा. गरम बाजूला एक आणि गार बाजूला एक अशा दोन तरी ढोल्या हव्यात, आणि त्या ऐसपैस नकोत. सापाला अंगाला चारी बाजूंनी भिंत लागली की सुरक्षित वाटतं. आपल्याला नाही का, थंडीत गोधडी घट्ट लपेटली की बरं वाटतं, तसंच. पेटीच्या तीन काचा झाकाव्यात, असं मुलानं कुठेतरी वाचून कळवलं. मी सासूबाईंचं एक जुनं लुगडं काढलं, हिरवं, नारायणपेठी काठाचं. दोनदा चौपदरी घडी घालून तीन बाजूंना सोडलं. ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "आईनं हे बघायला हवं होतं." सासूबाई नागपंचमीला चिरायच्या नाहीत, तवा चुलीवर ठेवायच्या नाहीत, पुरणाची दिंडं उकडायच्या. त्यांना हे आवडलं असतं, असं माझं मन सांगतं.

आणि वजन. हे सगळ्यात महत्त्वाचं! साप खात नाही म्हणजे तो खंगतोय असं आपल्याला वाटतं, पण डोळ्यांना काही कळत नाही. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात त्याला ठेवायचं आणि ग्रॅममध्ये वजन दाखवणाऱ्या काट्यावर डबा ठेवायचा. डबा, काटा, चिमटा, कात्री, सगळं वेगळं घ्या, स्वयंपाकघरातलं नको. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. साप ठणठणीत असला तरी असतात. म्हणून हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, त्याचं पाण्याचं भांडं स्वयंपाकाच्या मोरीत विसळायचं नाही, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याच्यापासून लांबच ठेवायचं. यात लाड नाहीत.

९ ऑक्टोबरला भोपळ्या ६४० ग्रॅम होता. ६ नोव्हेंबरला ६२८. ४ डिसेंबरला ६१७. आकडे वहीत मांडले तेव्हा मला पहिल्यांदा जरा धीर आला. आठ आठवडे पोटात काही नाही आणि तेवीस ग्रॅम गेले! आपण एकादशीला एवढं घटत असतो तर काय हवं होतं.

तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला डॉक्टरकडे नेलं. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना सापातलं कळतं असं नाही, मुद्दाम विचारून जावं लागतं. उशीच्या अभ्र्यात साप, अभ्रा डब्यात, डबा माझ्या मांडीवर शालीत गुंडाळलेला, आणि बाहेर बर्फ पडतंय. दवाखान्यात शेजारी एक बाई कुत्र्याला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी प्रेमानं विचारलं, तुमच्याकडे काय आहे? मी सांगितलं. त्या दोन खुर्च्या सरकून बसल्या.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं त्याचं तोंड हळूच उघडून पाहिलं. हिरड्या गुलाबी, चिकट फेस नाही, पू नाही. श्वासाला घरघर नाही. खवल्यांच्या कडांना किडे नाहीत. मग दोन्ही हातांच्या बोटांमधून त्याला सबंध सरकू दिला, पोटात कुठे गाठ, सूज लागते का ते पाहायला. शीचा नमुना आणलाय का, असं तिनं विचारलं. म्हटलं, आत काही गेलंच नाही तर येणार कुठून? ती हसली. मादी असती तर अंडी अडकली आहेत का तेही पाहिलं असतं म्हणाली. आमचा नर.

तिचा निष्कर्ष असा की साप निरोगी आहे. मोठे, धष्टपुष्ट साप हिवाळ्यात महिनोन्महिने उपास काढतात. रानात तर थंडीत ते बिळात पडून राहतात. घरात ऊब दिली, दिवा दिला, तरी बाहेर दिवस लहान होतोय हे काहींना कळतंच. आमच्या कोलंबसला डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, खिडकीतून उजेड किती येतो ते तो पाहत असणारच. नर वसंत ऋतूतही, मादीच्या शोधाच्या दिवसांत, अन्न टाकतात. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू असतं तर गोष्ट वेगळी, त्याच्या अंगात साठाच नसतो. चार वर्षांच्या नराला घाई नाही.

मी विचारलं, नळीनं भरवता येत नाही का? ती म्हणाली, येतं, पण ते आजारी सापासाठी, आणि तेही डॉक्टरनं. निरोगी सापाच्या तोंडात बळंच कोंबलं तर जबड्याला, घशाला इजा होते, आणि तो घाबरून आणखीच खाणं सोडतो. रोज रोज उंदीर नाकासमोर नाचवायचा नाही, दहा-चौदा दिवसांतून एकदा. मधल्या काळात हातात घेऊन गोंजारायचं नाही. पाणी रोज ताजं. वजन एक दशांशाहून जास्त उतरलं, अंग लुळं पडलं, तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागला, किंवा खाल्लेलं ओकला, तर मात्र त्याच दिवशी यायचं.

बळजबरी करायची नाही, म्हणजे काही करायचंच नाही, हे आपल्याला किती अवघड असतं! औषध दिलं असतं तर मी सुखानं घरी आले असते.

मनात एक शंका मात्र होती. ती डॉक्टरला विचारायचा धीर झाला नाही. मला वाटायचं, हा मुलासाठी झुरतोय. सगळं बरोबर असूनही खात नाही, मुलगा गेल्यावर दोन महिन्यांत बंद केलं, आणखी काय असणार? ह्यांना बोलून दाखवलं. हे म्हणाले, "सापाचं माहीत नाही, तू झुरतेस हे नक्की."

डिसेंबरच्या मध्यावर मुलगा सुटीवर आला. बॅग दारात टाकून आधी वर गेला. मी जिन्यात उभी. रात्री त्यानं स्वतः उंदीर तयार केला, स्वतः चिमट्यात धरला, पेटीसमोर मांडी घालून बसला. भोपळ्या ढोलीतून बाहेर आला. जीभ लपलपली. चिमट्याजवळ आला, मुलाच्या मनगटाजवळ आला, क्षणभर थांबला, आणि तोंड फिरवून परत ढोलीत गेला!

मुलाचा चेहरा उतरला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चला, म्हणजे तो तुझ्यावर रागावलेला नाही. तो कुणाचंच ऐकत नाहीये." आम्ही दोघं जिन्यात बसून हसलो. खरं सांगते, माझ्या छातीवरचा दगड उतरला. त्या रात्री चिरंजीवांनी पिठल्याबरोबर पाच भाकऱ्या खाल्ल्या आणि फ्रीज उघडून अजून काय आहे ते पाहिलं. कॉलेजात बरोबरच्या मुलांनी त्याचा फराळाचा डबा अखेर फोडला होता, आणि त्यातली चकली खायला मिळावी म्हणून दोघंजण रोज त्याला खानावळीत ओढून नेत होते, हे मला तेव्हा कळलं. फोनवर एका शब्दानं बोलला नव्हता.

जानेवारीत तो परत गेला. ८ जानेवारीला भोपळ्या ६०३ ग्रॅम.

त्याच महिन्यात माझं हळदीकुंकू. इथे सगळ्यांच्या सोयीनं शनिवारी करतात. बारा-तेरा जणी आल्या. काहींनी पेटी पाहिली आणि खालच्या मजल्यावरूनच वाण घेतलं. एक काकू आहेत, वयानं मोठ्या, आम्हा सगळ्यांना हक्कानं बोलतात. त्या वर गेल्या, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "अगं, वाटीत दूध ठेवून पाहिलंस का?"

"काकू, तो दूध पीत नाही हो."

"मग आमच्या गावचा नाग पीत होता तो?"

काय सांगावं? सांगितलं. सापाला दूध पचत नाही. गारुडी त्याला दिवसचे दिवस पाण्यावाचून ठेवतात, मग तो जे ओलं समोर येईल त्यात तोंड घालतो, आणि तेच दूध फुप्फुसात जाऊन पुष्कळदा मरतो. काकू गप्प झाल्या. त्यांना वाईट वाटलं असेल, पण हे सांगायलाच हवं होतं. साताऱ्याकडची एक मैत्रीण म्हणाली, तिच्या माहेरी कणगीमागे धामण यायची, तिला कुणी मारू देत नसत, कारण ती आली की उंदीर जात. पण पाळत मात्र नसत. बरोबरच आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातला साप धरून घरात ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. घरात निघाला तर काठी शोधू नका, सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. माझ्या या लेखावरून कुणी पोराला धामण धरून देऊ नका, म्हणजे झालं.

आता तो दिवस सांगते. ५ फेब्रुवारी २०२३, रविवार. सतरा आठवडे झाले होते. वजन ५९८. अजून धोक्याच्या रेषेच्या वर होतं, पण मी ती रेषा रोज मनात ओढत होते.

या वेळी मी मोठा उंदीर घेतला नाही, मधल्या मापाचा घेतला. इतक्या दिवसांच्या उपासावर पहिला घास लहानच द्यावा, बाळंतिणीला आपण एकदम पुरणपोळी वाढत नाही. आदल्या रात्री तो गार कप्प्यात ठेवून हळूहळू बर्फ सुटू दिला. संध्याकाळी पिशवीत घालून कोमट पाण्यात बुडवला, आणि शेवटी पाणी जरा कढत घेतलं, कारण अंग ऊबदार असलं तरच सापाला ते खाणं वाटतं. मायक्रोवेव्हमध्ये कधीही तापवू नका, आतून शिजतो आणि फुटतो. आणि जिवंत उंदीर तर नकोच, तो उलट सापाला चावतो. ओला उंदीर कागदावर कोरडा केला. एका लहान पुठ्ठ्याच्या खोक्याला बाजूनं भोक पाडलं, उंदीर त्यात ठेवला, खोकं ढोलीच्या तोंडाशी ठेवलं. खोलीतला दिवा घालवला, पॅसेजमधला ठेवला. लुगडं नीट केलं आणि दाराशी खुर्ची घेऊन बसले.

वीस मिनिटं काही नाही. मग खोक्याच्या भोकाशी जीभ. आत, बाहेर, आत. नाक. निम्मं अंग आत गेलं. मी श्वास धरून बसलेली. एकाएकी खोकं सटकन हललं आणि शेपूट गोळा झाली. त्यानं धरला होता! उंदीर मेलेलाच, तरी त्याला वेटोळं घातलं, दाबला, वाट पाहिली. मग वेटोळं सैल करून उंदराच्या अंगावरून नाक फिरवत डोकं शोधलं. नेहमी डोक्याकडून गिळतात, म्हणजे पाय, केस आडवे येत नाहीत. त्याच्या खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे लवचीक धाग्यानं जोडलेली असतात. एक बाजू पुढे, मग दुसरी, असा तो घास आत आत ओढतो. मला वाटलं होतं बघवणार नाही. सबंध बघितलं. शेपटीचं टोक आत जाईपर्यंत दहाएक मिनिटं लागली असतील. मग त्यानं दोन मोठ्ठ्या जांभया दिल्या. झोप नव्हे ती, जबडा परत जागच्या जागी बसवतात.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. सापाला जेवताना बघून रडणारी बाई म्हणून मला हसा हवं तर.

खाली जाऊन मुलाला फोन लावला. तो म्हणाला, थांब. मागे गोंगाट. मग ओरडला, "आई, मी खानावळीत आहे, जेवतोय, मोठ्यानं सांग!" मी मोठ्यानं सांगितलं. त्यानं टेबलावरच्या सगळ्यांना सांगितलं. पलीकडे टाळ्या वाजल्या.

जेवल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर ओकतो, म्हणून मी पेटीजवळ फिरकले नाही. दहा दिवसांनी पुन्हा लहानच उंदीर दिला. मार्चपासून नेहमीच्या मापाचा. मे महिन्यात काट्यावर ६४४ ग्रॅम आले.

त्यानंतरच्या हिवाळ्यांतही तो असाच रेंगाळतो. ऑक्टोबर लागला की कधी एक वेळ टाळतो, कधी चार. आता मी उंदीर उचलून ठेवते, तारीख आणि वजन वहीत लिहिते आणि झोपायला जाते. वहीची पानं संपली, दुसरी घातली आहे. लुगडं मात्र पेटीवरच आहे. ते धुवायला काढलं की भोपळ्या दिवसभर ढोलीतून बाहेर येत नाही, म्हणून सासूबाईंचंच दुसरं, लाल काठाचं, मी बदलायला काढून ठेवलं आहे.